घोड्यांची लस आणि चिलटांचे गणित: एएचएससाठी लसीकरणाचे मॉडेल कसे मांडावे?

पागेदार

आफ्रिकन हॉर्स सिकनेस (पुढे एएचएस), म्हणजे चिलटांच्या दंशातून पसरणारा घोड्यांचा विषाणूजन्य आजार, साठच्या दशकातल्या साथीनंतर भारतात पुन्हा दिसलेला नाही. २०१४ पासून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आपण एएचएसमुक्त आहोत. पण त्या जुन्या साथीची व्याप्ती विसरून चालणार नाही. १९५९ ते १९६३ या काळात सिरोटाइप ९ ने (सिरोटाइप म्हणजे विषाणूचा उपप्रकार) मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत तीन लाखांहून जास्त घोडे, खेचरे, गाढवे मारली. आणि २०२० मध्ये थायलंडने दाखवून दिले की हा विषाणू आजही आफ्रिकेबाहेर उडी मारू शकतो. तिथे नाखोन राचासिमा प्रांतातल्या पाक चोंग भागात सिरोटाइप १ निघाला. मार्चअखेर निदान पक्के झाले, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लसीकरण सुरू झाले, आणि एकूण सुमारे ६०० घोडे गेले. देशाला मुक्त दर्जा परत मिळायला २०२३ उजाडले.

या ऑनलाइन चर्चेच्या धाग्याचा विषय असा: समजा ऑगस्टमध्ये पुण्याजवळच्या एखाद्या पागेत सिरोटाइप १ सापडला आणि लसीच्या मात्रा मोजक्याच आहेत, तर आधी कोणाला टोचायचे? अंदाजपंचे ठरवण्यापेक्षा मॉडेल मांडून ठरवावे.

सुरुवात मी नेहमीच्या घोडा-चिलट मॉडेलपासून करतो. घोड्यांचे चार गट: संवेदनशील, विषाणू अंगात पण अजून रक्तात नाही, रक्तात विषाणू असलेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. चिलटांचे (क्युलिकॉइडीस) तीन गट: निरोगी, विषाणू पोटात पण लाळेत नाही, संसर्गक्षम. चिलट बरे होत नाही, मरते. आता आर-शून्य, म्हणजे एका बाधितापासून सरासरी किती नव्या लागणी होतात तो आकडा:

आर-शून्य² = (प × क × द² × न ÷ म) × ट × स

प: चिलटाच्या एका दंशातून घोड्याला लागण होण्याची शक्यता, ०.८
क: आजारी घोड्याला चावून चिलटाला लागण होण्याची शक्यता, ०.०२
द: एका चिलटाचे दिवसाला घोड्यांवरचे दंश, ०.३
न: दर घोड्यामागे चिलटे, २०००
म: चिलटाचा रोजचा मृत्युदर, ०.४९
ट: विषाणू लाळेत उतरेपर्यंत चिलट जगण्याची शक्यता, ०.१८३
स: घोडा संसर्गक्षम असण्याचे दिवस, ५

द, म आणि ट २५ अंश तापमानाला काढले आहेत. न हा आकडा निव्वळ उदाहरणासाठी. वर्ग येतो ५.४, म्हणजे आर-शून्य २.३. लस ९० टक्के गुणकारी धरली तर (१ − १/२.३) ÷ ०.९, म्हणजे सुमारे ६३ टक्के घोड्यांना टोचले की साथ थांबावी. मंडळींनी तपासावे.

शून्यापुढे

पागेदार, सूत्र बरोबर आहे, शेवटची पायरी बरोबर नाही. ही चूक छापील लेखांतही सर्रास दिसते म्हणून सविस्तर लिहितो.

वर्गमूळ काढून जो २.३ येतो तो अर्ध्या फेरीचा आकडा आहे: घोड्याकडून चिलटाकडे, किंवा चिलटाकडून घोड्याकडे. लस आपण फक्त घोड्यांना देतो, चिलटांना नाही. म्हणून पाहायचे ते हे, की एका आजारी घोड्यापासून, मधली चिलटांची पायरी ओलांडून, किती नवे घोडे आजारी पडतात. तो आकडा ५.४, म्हणजे वर्ग स्वतःच.

मग हिशेब असा: १ − १/५.३८ = ०.८१. त्याला ०.९ ने भागले की ९० टक्के. ६३ नव्हे. ६३ टक्क्यांवर थांबलात तर ५.३८ × (१ − ०.६३ × ०.९) = २.३, म्हणजे दर फेरीत रुग्ण दुपटीहून जास्त वाढत राहतील आणि लस कुचकामी निघाली असा बोभाटा होईल.

आणि लस ८० टक्केच गुणकारी निघाली तर? ०.८१ ÷ ०.८ = १.०२. शंभर टक्के घोड्यांना टोचूनही एकट्या लसीने साथ थांबत नाही. इथून पुढची सगळी चर्चा या एका भागाकारावर उभी आहे.

नालबंद

'९० टक्के गुणकारी' म्हणजे नेमके काय? दहातल्या नऊ घोड्यांना पूर्ण संरक्षण, की प्रत्येक घोड्याला थोडे थोडे?

शून्यापुढे

दोन्ही प्रकार मॉडेलमध्ये वेगळे लिहावे लागतात. पहिल्यात टोचलेल्या घोड्यांचा ठरावीक हिस्सा थेट 'सुरक्षित' गटात टाकायचा. दुसऱ्यात प्रत्येक दंशाची लागण करण्याची शक्यता कमी करायची. चिलटांचा मारा भरपूर असेल तर दुसऱ्या प्रकारची लस हळूहळू हरते, कारण रोज शेकडो दंश झाले की एखादा लागू पडतोच.

शिवाय लागण रोखणे वेगळे आणि लागण झाल्यावर रक्तातला विषाणू कमी ठेवणे वेगळे. लस लागण ७० टक्क्यांनी रोखते आणि लागण झालेल्या घोड्याची संसर्गक्षमता निम्मी करते असे धरले तर फैलावापुरता एकत्र परिणाम १ − (०.३ × ०.५) = ०.८५. घोडा मरतो की वाचतो हा तिसरा आकडा. मालकाला तो महत्त्वाचा वाटतो, साथीच्या गणितात पहिले दोन.

चिलटशोधक

म आणि ट यांच्याबद्दल काळजी घ्या. पागेदार यांनी घेतलेली तापमानाची समीकरणे मुळात ब्लूटंगच्या (चिलटांमुळेच पसरणारा मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) मॉडेलांमधली दिसतात: मृत्युदर = ०.००९ × ई चा (०.१६ × तापमान) घात, आणि विषाणू पिकण्याचा दर = ०.०००३ × तापमान × (तापमान − १०.४). २५ अंशांना पहिल्यातून ०.४९ येतो, म्हणजे चिलटाचे सरासरी आयुष्य दोन दिवस. दुसऱ्यातून ०.११, म्हणजे विषाणू लाळेत उतरायला नऊ दिवस.

पहिले समीकरण थंड हवेच्या देशांसाठी ठीक आहे. ३० अंशांना तेच समीकरण मृत्युदर १.०९ देते, म्हणजे चिलट एक दिवसही जगत नाही. तसे खरेच असते तर उष्ण कटिबंधात ब्लूटंग टिकलाच नसता, आणि आपल्याकडे तो मेंढ्यांमध्ये ठाण मांडून आहे. पुण्यात पावसाळ्यात सरासरी तापमान २४-२५ च्या आसपास राहते, तिथे निदान भागते. पण हेच कोड मराठवाड्याच्या जून महिन्यावर चालवले तर 'धोका शून्य' असे उत्तर येईल, आणि ते खोटे असेल.

दुसरा धोका ट मध्ये आहे. ट = ०.१८३ हा आकडा, विषाणू पिकण्याचा काळ 'घातांकी' धरल्यावर येतो. म्हणजे काही चिलटे पहिल्याच दिवशी संसर्गक्षम होतात असे आपण नकळत मान्य करतो. जीवशास्त्राला ते पटणारे नाही. तो काळ दहा सलग टप्प्यांत विभागला तर:

ट = (१.१ ÷ (१.१ + ०.४९)) चा दहावा घात = ०.०२५

आर-शून्य² ५.४ वरून ०.७४ वर येतो. बाकी एकही आकडा न बदलता साथ गायब! आता म ०.४९ ऐवजी ०.२ घ्या, म्हणजे चिलट सरासरी पाच दिवस जगते. दहा टप्पे तसेच ठेवा. ट होतो ०.१९ आणि आर-शून्य² जातो १३.५ वर. तेव्हा 'मॉडेल सांगते' असे कोणी म्हणाले की आधी विचारायचे: टप्पे किती धरले आणि चिलट किती दिवस जगवले?

सह्यवारा

हे वाचून मॉडेलवरचा विश्वासच उडायचा! मग आकडा धरायचा कोणता?

शून्यापुढे

सुटे सुटे आकडे रचून वर चढण्यापेक्षा खऱ्या साथीच्या वेगावरून खाली उतरावे. थायलंड २०२०, मोरोक्को १९८९ ते ९१, स्पेन १९८७ ते ९० या साथींमध्ये कुठे, कधी, किती घोडे आजारी पडले याच्या नोंदी आहेत. रुग्णवाढीचा वेग पकडेल असा आर-शून्य² शोधायचा आणि बाकीचे आकडे त्याला जुळवायचे.

यात एक सोय आहे. न आणि क वेगवेगळे ओळखता येत नाहीत, सूत्रात त्यांचा गुणाकारच येतो. दर घोड्यामागे २००० चिलटे आणि ०.०२, किंवा ४००० चिलटे आणि ०.०१, साथीचा आलेख तोच. म्हणून तो गुणाकार जुळवा आणि ऋतुमानाप्रमाणे न वर-खाली करा.

शेवटी एकच आकडा देऊ नका. म, टप्पे, न×क, स, लसीचा गुण या पाचांना वाजवी पल्ले द्या, लॅटिन हायपरक्यूब पद्धतीने (प्रत्येक पल्ला सारखा व्यापणारी नमुना निवड) ५०० संच काढा, प्रत्येक संचावर प्रत्येक धोरण चालवा. जे धोरण बहुतेक संचांत वरचढ ठरते ते घ्या. आर-शून्य नेमका किती हे कळले नाही तरी धोरणांची क्रमवारी बऱ्याचदा टिकते, आणि निर्णयाला क्रमवारीच लागते.

चिलटशोधक

आणि न साठी सापळे लावा, त्याला पर्याय नाही. अतिनील दिव्याचा, खाली पंखा असलेला सापळा (ओंडरस्टेपूर्ट नमुन्याचा) तबेल्याच्या वळचणीला दीड ते दोन मीटर उंचीवर टांगायचा, दिवेलागणीपासून सकाळपर्यंत. खालच्या भांड्यात पाणी आणि त्यात अगदी थोडे सॅव्हलॉन, म्हणजे पृष्ठताण मोडतो आणि चिलटे बुडतात. सकाळी गाळून ७० टक्के अल्कोहोलमध्ये. सोसाट्याच्या वाऱ्याची किंवा मुसळधार पावसाची रात्र मोजू नका, आकडा खोटा पडतो.

वेगळे काढताना पंखांवरच्या ठिपक्यांवरून आधी इमिकोला गट आणि ऑक्सिस्टोमा या क्युलिकॉइडीसच्या जाती वेगळ्या करा. मग माद्यांचे पोट बघा. एकदा रक्त पिऊन अंडी घातलेल्या मादीच्या पोटाच्या कातडीवर वाइनसारखा लालसर रंग चढतो. विषाणू पसरवू शकते ती हीच. हिचे प्रमाण वाढले म्हणजे चिलटे जास्त जगत आहेत, आणि वर ज्या म वरून सगळा गोंधळ झाला त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा.

सापळ्यातला आकडा म्हणजे दंशांचा आकडा नव्हे. दिवा सगळ्या दिशांनी ओढतो, घोडा वासाने आणि श्वासाने. त्यामुळे सापळ्यातून तुलना घ्या (ही पागा त्या पागेपेक्षा किती पट, हा महिना त्या महिन्यापेक्षा किती पट), निरपेक्ष संख्या नको.

अश्ववैद्य

आता लसीबद्दल, कारण मॉडेलवाले तिला एका आकड्यात गुंडाळतात आणि तिथेच घात होतो.

हाताशी असलेली मुख्य लस दक्षिण आफ्रिकेतल्या ओंडरस्टेपूर्टची, जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंची. दोन बाटल्या येतात. पहिलीत सिरोटाइप १, ३, ४. दुसरीत २, ६, ७, ८. दोन्हींमध्ये किमान तीन आठवड्यांचे अंतर. ५ आणि ९ लसीत नाहीत: ८ मुळे ५ विरुद्ध आणि ६ मुळे ९ विरुद्ध बऱ्यापैकी संरक्षण मिळते असे धरले जाते. म्हणजे साठच्या दशकात ज्याने आपल्याकडे हाहाकार माजवला त्या ९ विरुद्ध लस आडवळणाने काम करते. तो सिरोटाइप आला तर लसीचा गुण मॉडेलमध्ये कमीच धरावा.

संरक्षण टोचल्याच्या दिवशी मिळत नाही. तीन-चार आठवडे धरा. पहिल्यांदाच टोचलेल्या घोड्यात सगळ्या सिरोटाइपविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार होतीलच असेही नाही. दरवर्षी टोचत गेले की पल्ला रुंदावतो. सहा महिन्यांखालच्या शिंगराला आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे लसीला दाबून टाकतात. टोचल्यावर दोन आठवडे घोड्याला जोराचे काम नको, ताप येऊ शकतो. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, मिसळली की लगेच वापरायची. गावोगाव फिरताना उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरण्याचा मोह पडतो. तसे केले तर कागदावरचे ९० टक्के प्रत्यक्षात किती उरतील ते सांगायला नको.

पण सगळ्यात गंभीर बाब पुढची आहे. लसीतला विषाणू जिवंत असतो, काही घोड्यांच्या रक्तात तो फिरतो आणि चिलट तो उचलू शकते. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातल्या नियंत्रित क्षेत्रात २००४ ते २०१४ दरम्यान सिरोटाइप १ चे जे उद्रेक झाले, त्यांचे जनुकीय वाचन केल्यावर मूळ लसीतच सापडले: क्षीण केलेला विषाणू पुन्हा उग्र झालेला, किंवा लसीतल्या विषाणूंनी आपसात जनुकखंड बदललेले. या विषाणूचा जनुकसंच दहा सुट्या खंडांत असतो, त्यामुळे एकाच चिलटात दोन विषाणू भेटले की अदलाबदल सोपी. म्हणूनच तिथे नियंत्रित क्षेत्रात लसीकरणाला १ जून ते ३१ ऑक्टोबर हीच मुभा आहे. तो त्यांचा हिवाळा आणि वसंत, चिलटे कमी असतात.

आपल्या उदाहरणात लस ऑगस्टमध्ये द्यायची आहे, म्हणजे चिलटांच्या भर हंगामात. तेव्हा मॉडेलमध्ये आणखी एक गट हवाच: 'टोचलेला, रक्तात लसीचा विषाणू असलेला'. त्याच्याकडून चिलटाला लागण होण्याची शक्यता मूळ विषाणूच्या तुलनेत शून्य, एक टक्का, पाच टक्के अशी चालवून बघा.

नालबंद

म्हणजे डॉक्टर, सिरोटाइप १ असल्याचे पक्के झाले तर दुसरी बाटली उघडूच नये?

अश्ववैद्य

बरोबर. देशात नसलेले चार जिवंत विषाणू साथीच्या धामधुमीत सोडण्याचे कारण नाही. थायलंडमध्येही १, ३, ४ वाली लसच वापरली गेली. फक्त सिरोटाइप १ ची लस मिळवता आली तर आणखी उत्तम. पोर्तुगालने १९८९ मध्ये केवळ सिरोटाइप ४ ची लस घेतली. ऑक्टोबरमध्ये लसीकरण सुरू केले, फेब्रुवारी १९९० मध्ये ते देशभरातल्या सर्व सुमारे १,७०,००० घोडे, खेचरे, गाढवांपर्यंत नेले, आणि १९९१ अखेर देश मुक्त जाहीर झाला. एकूण उद्रेक १३७.

त्यामुळे पहिले काम लस मागवणे नसून सिरोटाइप ओळखणे हे आहे. ताप चढलेल्या घोड्याचे ईडीटीए (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीतले रक्त, मेलेल्याची प्लीहा, फुफ्फुस आणि लसिका ग्रंथी, ४ अंशांवर. गोठवू नये. भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आणि हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या आपल्याकडच्या जागा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात एएचएस अधिसूचित आहे, त्यामुळे नुसता संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे. डोळ्यांवरचे खळगे सुजून भरलेले, किंवा नाकातून भसाभसा फेस येऊन काही तासांत घोडा आडवा, हे दिसल्यावर वाट बघत बसू नये.

पागेदार

आता कडे-लसीकरणाकडे येऊ. सापडलेल्या पागेभोवती १० किलोमीटरचे कडे करून आतल्या सगळ्यांना टोचायचे, हे सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येते.

शून्यापुढे

आणि बहुतेक वेळा तेच चुकते. वेळ मोजा. घोड्याला चिलट चावल्यापासून रक्तात विषाणू यायला पाचेक दिवस, मग संसर्गक्षम काळ, मग चिलटात नऊ दिवस, मग पुढचा घोडा. एक पूर्ण फेरी अडीच ते तीन आठवड्यांची. लसीचा असर दिसायला तीन-चार आठवडे. म्हणजे टोचल्यापासून संरक्षण मिळेपर्यंत एक अख्खी फेरी निघून जाते. निदानाच्या दिवशी चार घोडे बाधित असतील तर आर-शून्य² ५.४ धरून पुढच्या फेरीत २१-२२. ते सगळे त्याच १० किलोमीटरच्या आत असण्याची शक्यता दांडगी, कारण चिलट स्वतःहून फार लांब जात नाही.

आतल्या घोड्याला तुम्ही टोचता तेव्हा त्याच्या अंगात खरा विषाणू आधीच शिरलेला असू शकतो. तो मेला की लोक म्हणतात लसीने मारला. आणि खरा व लसीचा विषाणू एकाच घोड्यात, एकाच चिलटात भेटतात. डॉक्टरांनी सांगितलेली अदलाबदल नेमकी इथे होण्याची भीती.

म्हणून आत जाळी, फवारणी, रोज दोनदा तापमान, आणि गंभीर आजारी घोड्यांना वेदनामुक्त मरण. लस बाहेरून आत. नेदरलँड्ससाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेलची शिफारसही याच दिशेची होती: बाधित कळपात कीटक नियंत्रण, शेजारच्या कळपांचा चिलटांपासून बचाव, लस दूरच्या कळपांना, आणि वाहतूकबंदी कडक असेल तरच हे लागू. युरोपच्या नियमांत १०० किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र आणि त्यापुढे आणखी ५० चे निगराणी क्षेत्र आहे. ही अंतरे चिलटाच्या उड्डाणापेक्षा वारा आणि ट्रक यांच्या हिशेबाने आखली आहेत.

सह्यवारा

जाळीचे गणितही मांडा ना. लस अपुरी पडते हे वर आलेच आहे.

शून्यापुढे

सूत्रात द चा वर्ग आहे, कारण चिलटाला दोनदा चावावे लागते: एकदा विषाणू घ्यायला, एकदा द्यायला. सगळ्या घोड्यांवरचे दंश निम्मे झाले तर आर-शून्य² चौथ्या हिश्श्यावर येतो: ५.३८ ÷ ४ = १.३५. मग ८० टक्के गुणाची लस ३२ टक्के घोड्यांना टोचली तरी पुरते. जाळीविना तीच लस शंभर टक्क्यांनाही पुरत नव्हती.

पण एक खाच आहे. निम्म्या घोड्यांना पक्क्या जाळीत ठेवले, निम्मे उघड्यावर, आणि आसपास दुसरे जनावर नाही. चिलटांची संख्या तीच, मग उघड्यावरच्या प्रत्येक घोड्यामागे चिलटे दुप्पट, आणि त्या अर्ध्या भागात आर-शून्य² जातो १०.८ वर. श्रीमंताच्या पागेला जाळी लागली आणि शेजारच्या टांगेवाल्याचा घोडा उघडा राहिला, तर त्या घोड्याचा धोका वाढतो. याउलट निम्म्यांना ८० टक्के गुणाची लस दिली आणि सगळे उघड्यावरच ठेवले, तर ५.३८ × ०.६ = ३.२. संरक्षण मिळालेला घोडा दंश सोसतो आणि विषाणू तिथेच संपतो. जाळीतला घोडा दंश सोसत नाही, तो दुसरीकडे ढकलतो.

चिलटशोधक

गुरे जवळ असतील तर ढकललेले दंश गुरांवर जातात, आणि गुरे एएचएस पसरवत नाहीत. ब्रिटनसाठी २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात घोडे, मेंढ्या, गाई नेमक्या कुठे बांधलेल्या आहेत यावर धोका किती बदलतो हेच तपासले होते. पण गुरे आणली म्हणजे काम झाले असे नाही. ब्रेव्हिटार्सिस जातीचे चिलट शेणातच वाढते. इमिकोला आणि ऑक्सिस्टोमा ओल्या, सेंद्रिय कचऱ्याच्या चिखलात. गुरे वाढली की घोड्यांवरच्या दंशांचा वाटा घटतो आणि चिलटांची एकूण संख्या वाढते. कोणता परिणाम मोठा हे जागेवर मोजूनच कळेल. पाणवठ्याखालचा चिखल आणि गळका नळ मात्र कोणत्याही हिशेबात वाईटच.

जाळीबद्दल: साधी मच्छरदाणी चालत नाही. चिलट एक ते तीन मिलिमीटरचे, भोकातून आरामात शिरते. थायलंडमध्ये इंचाला ३२ भोकांची जाळी वापरली. जाळीवर सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मारले तर उत्तम. पर्मेथ्रिन असेल तर मांजरांना दूर ठेवा, त्यांना ते विषारी आहे. सूर्यास्ताच्या दोन तास आधी घोडे आत, सूर्योदयानंतर दोन तासांनी बाहेर. रात्री तबेल्यातला दिवा बंद, कारण तो चिलटांना बोलावतो. बारीक जाळीने हवा अडते, घोडा घामाघूम होतो, आणि मोतद्दार नाइलाजाने दार उघडतो. म्हणून पंखे हवेतच. पंख्याच्या झोतात चिलटाला उडता येत नाही हा आणखी एक फायदा. टोचलेले घोडेही निदान चार आठवडे जाळीतच ठेवावेत, लसीचा विषाणू चिलटांना मिळू नये म्हणून.

सह्यवारा

गाढवांचे काय? वीटभट्ट्यांवरची, नदीकाठची. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टे ३.४ लाख, गाढवे १.२४ लाख, खेचरे ०.८४ लाख. दर चार-पाच जनावरांत एक गाढव, आणि ते पागांच्या कोणत्याही नोंदवहीत नसते.

अश्ववैद्य

फार योग्य मुद्दा. पहिल्यांदाच लागण झालेल्या घोड्यांत मृत्यू ५० ते ९५ टक्के, खेचरांत निम्म्याच्या आसपास, गाढवांत १० टक्के. आफ्रिकन गाढवांत तर लक्षणेही दिसत नाहीत. रक्तातला विषाणू गाढवात कमी तीव्रतेचा, पण जास्त दिवस टिकतो. म्हणून मॉडेलमध्ये गाढवांचा गट वेगळा: क लहान, स मोठा, मृत्यू बरेच कमी. घोडा स्वतः मरून धोक्याची घंटा वाजवतो, गाढव गुपचूप फिरते.

गाढव महिनोन्‌महिने एका गावात राहत नाही हेही मांडा. पौष पौर्णिमेला जेजुरीचा गाढवबाजार, डिसेंबरात सारंगखेड्याचा घोडेबाजार, पावसाळ्यात पुण्याची आणि नंतर मुंबईची शर्यत, लग्नसराईत वरातीचे घोडे. बाजाराच्या एका दिवशी शेकडो किलोमीटरवरून आलेली जनावरे एका मैदानात उभी राहतात आणि चार दिवसांत सगळीकडे पांगतात. लागण झालेला घोडा ताप यायच्या आत ट्रकने तीन जिल्हे ओलांडतो.

शून्यापुढे

यासाठी दोन थरांचे मॉडेल लागते. पागेच्या आत घोडा-चिलट समीकरणे. पागा-पागांमध्ये जवळच्या अंतराला घटत जाणारे वजन (चिलटांसाठी) आणि शिवाय वाहतुकीच्या नोंदींवरून जोडण्या. आर (R) या संगणक भाषेतले सिमइन्फ पॅकेज नेमके जनावरांच्या अशा जाळ्यांसाठी आहे. संख्या लहान असल्यामुळे निश्चित समीकरणे नकोत, यादृच्छिक पद्धत (दर वेळी योगायोगाचा फरक धरणारी) घ्या आणि प्रत्येक धोरण हजारदा चालवा; एकदा चालवणे म्हणजे एक धाव. सरासरी मृत्यूंपेक्षा तीन गोष्टी पाहा: किती धावांमध्ये साथ दहा घोड्यांच्या आत विझली, सगळ्यात वाईट पाच टक्के धावांमध्ये काय झाले, आणि दर शंभर मात्रांमागे किती घोडे वाचले.

आधी वाहतूकबंदी चालू आणि बंद करून पाहा. बंदी गळकी असेल तर कोणतेही कडे टिकणार नाही, कारण साथ कड्याबाहेर नवी केंद्रे पेरत जाते. मात्रा कमी असताना हेच पहिले बटण.

नालबंद

मात्रा २००० आणि सिरोटाइप १ असे धरून क्रम कोणी लिहून देईल का? जिल्ह्याच्या पशुवैद्यकाला हातात धरता येईल असा.

अश्ववैद्य

मूळ पागेपासून सुमारे १० किलोमीटरच्या आत लस नाही. जाळी, तापमान, नमुने. ताप १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की घोडा त्याच क्षणी जाळीत, रक्त प्रयोगशाळेत.

त्यापुढच्या पट्ट्यात बाहेरच्या कडेपासून आत येत टोचायचे. त्यातही आधी सापळ्यात चिलटे जास्त असलेल्या आणि घोडे जास्त असलेल्या जागा: स्टड फार्म, रेसकोर्स, प्रतिविषासाठी घोडे पाळणाऱ्या संस्था. मग वीटभट्ट्यांजवळच्या पागा, आणि शक्य असेल तर भट्टीवरची गाढवेही. माथेरानसारख्या जागी, जिथे बरीच वाहतूक घोड्यांवर आहे आणि घोडे डोंगरावर एकवटलेले आहेत, तिथे एकाच दिवसात सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही; तुकड्या-तुकड्यांनी केले तर लसीचा विषाणू न टोचलेल्या शेजाऱ्यांत फिरण्याची भीती. पहिल्या तीन महिन्यांतल्या गाभण घोड्या वगळायच्या, सहा महिन्यांखालची शिंगरे वगळायची, ताप असलेला कोणताही घोडा वगळायचा. टोचताना सुई दर घोड्याला नवी. एकाच सुईने पागाभर फिरले तर चिलटाचे काम माणूस करतो.

मायक्रोचिप टोचण्याआधी, नंतर नाही. नेहमीच्या रक्तजल चाचणीत लसीची आणि खऱ्या लागणीची प्रतिपिंडे वेगळी ओळखता येत नाहीत. कोणाला, कोणत्या बॅचची, कधी दिली हे माहीत नसेल तर पुढे मुक्त दर्जा मागताना प्रत्येक प्रतिपिंड-धारक घोडा संशयित ठरतो. दर्जा परत मिळवायला किमान दोन वर्षे रोग नाही आणि नियमित लसीकरण बंद, हे दाखवावे लागते.

पागेदार

नोंदवहीचे रकाने मग असे धरतो: चिप क्रमांक, जात, वय, गाभण आहे का, पागेचे अक्षांश-रेखांश, १०० मीटरच्या आत गुरे किती, जाळी आहे का, मागच्या ३० दिवसांत कुठून आला, लस बॅच, तारीख, टोचल्यानंतर २१ दिवसांचे तापमान.

चिलटशोधक

३० ऐवजी ४० दिवस धरा. आंतरराष्ट्रीय संहितेत पाळीव घोड्यांसाठी संसर्गक्षम काळ ४० दिवसांचा आहे. आणि जवळच्या सापळ्याचा क्रमांक हा एक रकाना वाढवा. प्रत्येक तालुक्यात एक सापळा, आठवड्यातून एक रात्र, जून ते डिसेंबर, एवढे आजपासून सुरू झाले तरी न च्या जागी उदाहरणापुरता २००० लिहावा लागणार नाही.

पागेदार

दोन्ही बदल केले. सिमइन्फचे कोड आणि पाच पल्ल्यांचा तक्ता पुढच्या प्रतिसादात टाकतो. टप्प्यांची संख्या १, ५, १० आणि म ०.१५ ते ०.५ असे ठेवतो आहे. चिलटशोधक यांनी सापळ्यातल्या लालसर पोटाच्या माद्यांचे प्रमाण कळवले की म चा पल्ला आणखी आवळता येईल.